डग्लसच्या पेट्रोलच्या पावत्या

पेनरिथ गावातली ती कंपनी गाईंचं दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायची. चार कारागीर आपापल्या गाडीनं गोठोगोठी हिंडत आणि महिनाअखेरीस मैलांचा तक्ता हिशेब बघणाऱ्या हिलरी थ्रेलकेल्डच्या टेबलावर आणून टाकत. त्यांना मैलामागं मिळणाऱ्या भत्त्यात इंधनाचा जो वाटा असे, त्यावरचा व्हॅट कंपनीला सरकारकडून परत मागता येई. मात्र त्यासाठी तेवढ्या पेट्रोलच्या पावत्या हव्यात. तिघं निमूट पावत्या देत. डग्लस नॅट्रस नोव्हेंबरपासून एकही देत नव्हता.

"हरवतात गं पोरी," तो म्हणायचा.

"पाच महिने रोज हरवतात?"

"कंपनी बुडत नाही त्यानं."

शेवटी मालक कीथनं फर्मान काढलं, पावती नाही तर भत्ता नाही. एप्रिलअखेर डग्लसनं एक फुगलेलं पाकीट आणून तिच्यापुढं आपटलं.

हिलरी पावत्या तारखेनं लावायला बसली. पेट्रोलाखेरीजच्या वस्तूंवर ती लाल काट मारत होती, कारण त्यांचा व्हॅट मागता येत नाही. दोन चहा. दोन सँडविच. विणकामाचं मासिक. पुढच्या पावतीवरही दोन चहा. सगळ्या तारखा कामाच्या दिवसांच्या.

"डग्लस, तुम्ही विणकाम कधीपासून करायला लागलात?" तिनं हसत विचारलं.

तो हसला नाही. त्यानं दार लोटून घेतलं आणि तो खुर्ची चाचपून बसला.

"एडनाचं आहे ते. माझं काम होईपर्यंत गाडीत बसून विणते."

"बायकोला रोज बरोबर नेता?"

"मी कुठला नेतोय? तीच मला नेते." त्यानं डोळे चोळले. "मधलं दिसत नाही आता. कडेकडेनं दिसतं. लायसन्स मीच परत पाठवलं. यंत्राचं म्हणशील तर हातांना सगळं पाठ आहे, पंप बिघडलाय हे मला कानानं कळतं. दाबाच्या काट्यावरचा आकडा तेवढा एडना येऊन वाचते."

हिलरीनं लाल पेन खाली ठेवलं. गाडी न चालवणारा कारागीर कोण ठेवणार, म्हणूनच दोघांच्या चहाच्या त्या पावत्या तो दडवत होता. पण गोठ्यातल्या ओल्या फरशीवर विजेच्या तारा उघडणारा माणूस हा!

"कीथला सांगावं लागेल," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांबते. तुम्हीच सांगा."

"चार दमड्यांच्या व्हॅटपायी माझ्या पोटावर पाय देतेस?"

"व्हॅट गेला खड्ड्यात. उद्या शॉक बसला तर एडनाला काय सांगू मी?"

तो ताडकन उठून गेला.

सोमवारी नवराबायको दोघंही कीथकडं आली. बोलली एडनाच. "कीथ, याला घरी बसवलंस तर हा मला वेड लावील. काय ते ठरव."

कीथ आधी भडकला. सहा महिने अंधारात ठेवलं म्हणून टेबलावर हात आपटला. मग डॉक्टरचं पत्र मागवलं, विमावाल्यांना फोन केले. आठवडाभर डग्लस घरीच होता. निकाल लागला तो असा: विजेचं काम डग्लसकडून काढून घेतलं, त्यामुळं त्याचा पगार थोडा उतरला, एडनाला चालक म्हणून अर्धवेळ ठेवलं. मैलांचा तक्ता आता तिच्या नावानं येऊ लागला.

डग्लस दोन महिने हिलरीशी बोलला नाही. समोर आली तर भिंतीकडं बघायचा. ती मात्र रोज "गुड मॉर्निंग, डग्लस" म्हणत राहिली.

गवतकापणीच्या दिवसांत एकदा एडना मालकाच्या खोलीत गेली होती, तेव्हा तो हिलरीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ही बाई शॅपच्या चढावर तिसऱ्या गिअरला हातच लावत नाही," तो कुरकुरला. "इंजिन रडतं. तू सांग तिला. माझं ऐकते कुठं?"

"बसा," हिलरी म्हणाली, आणि चहाची किटली लावायला उठली.