हळदीकुंकवाची मीटिंग

शेफालीचा गेट-पास आमच्या दिल्लीतल्या कॉलनीच्या कमिटीने काढून घेतला. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हेच, नरसिंहराव.

तिचा गुन्हा काय, तर सगळ्या कामवाल्यांना महिन्यात दोन सुट्ट्या मिळाव्यात, असं ती चारचौघींत बोलली. बाई बंगालमधल्या मालद्याची, आमच्यासह चार घरची धुणीभांडी करते. पास नाही म्हणजे गेटच्या आत पाऊल नाही, म्हणजे चारही घरं गेली. बाकीच्या बायका तिच्यासाठी पार्कात जमल्या, तर गार्डने शिट्ट्या मारून उठवलं.

"अहो, माणसाला सुट्टी नको?" मी यांना विचारलं.

"इंदू, यार, आज सुट्टी मागतायत, उद्या युनियन काढतील."

माझं डोकंच फिरलं. रविवारी यांना स्वतःचा चहाचा कपसुद्धा उचलायचा नसतो!

संक्रांत नुकतीच झाली होती. हे ऑफिसला गेल्यावर मी सरोजिनी नगरातून वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या आणि कॉलनीतल्या कामवाल्यांना दुपारी हळदीकुंकवाला बोलावलं. गेटवर फोन केला, "शेफाली मेरी मेहमान है, अंदर भेज दीजिए." पाहुण्यांना पास लागत नाही, हा कमिटीचाच नियम. गार्ड बिचारा काय करणार?

हॉल भरला. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. एरवी ओट्याजवळ जमिनीवर बसून चहा पिणारी शेफाली यांच्या आरामखुर्चीत बसली होती. तासाभरात ठरलं : तिला पास आणि सगळ्यांना सुट्ट्या मिळेपर्यंत उद्यापासून कुणीच कामावर जायचं नाही.

मला फार अभिमान वाटला, मुख्यतः स्वतःचा. निघताना शेफालीला बाजूला घेऊन म्हटलं, "तू रोज आ जाना. मैं गेट पर मेहमान बोल दूँगी. मेरे घर का काम तो होता रहेगा."



"मेहमान से बर्तन मँजवाओगी, दीदी?"

वाणाची गाळणी पिशवीत टाकून ती गेली. मला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती जाईना.

पुढे घरोघरी सिंक भरले. कमिटीतल्या साहेबांच्या बायकांनी साहेबांना फैलावर घेतलं. आमच्याकडे यांनी तवा घासला, तो मी पुन्हा घासला. आठवडा संपायच्या आत कमिटीने पास परत दिला आणि दोन सुट्ट्याही मान्य केल्या.

सकाळी बेल वाजली. गळ्यात पास घालून शेफाली दारात उभी.

"दीदी, पहली छुट्टी इस इतवार को लूँगी."

रविवारी माझी नणंद सहकुटुंब जेवायला येणार होती. आतल्या आत नुसती चडफडले.

"ले लो," मी म्हटलं, आणि आत हाक मारली, "अहो, रविवारची भांडी तुमच्याकडे!"