नौकेचे अडलेले झाकण

खुशालरावांच्या शिडाच्या नौकेतल्या खोलीवरचे सरकते झाकण गयासुद्दीन मिस्त्रींनी वैशाखात घडवले होते. वऱ्हाडच्या उन्हात लाकूड आकसते, म्हणून प्रत्येक जोड घट्टच बसवायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. आता श्रावणात धरणाच्या पाण्यावर तेच झाकण जागचे हलेना, आणि मिस्त्रींचे नाव पणाला लागले.

"अब्बा, लाकूड ओलीनं फुगलं. कडेवर रंधा फिरवा लागते," त्यांची कन्या यास्मीन म्हणाली.

"माह्या कामावर रंधा? आजपावतर एक दार अडलं नाई माह्यं!"

"दारं गावात राह्यतात, अब्बा. हे पाण्यावर राहून राहिलं."

खुशालराव हसले. "मिस्त्री, पोरगी तुमच्यावरच गेली. कोनाचं आयकत नाई."

मिस्त्रींनी झाकण पुन्हा ओढून पाहिले; ते तसूभरही हलले नाही. मग वडिलांकडून लाभलेला, आजवर कोणाच्याही हाती न दिलेला रंधा त्यांनी यास्मीनपुढे धरला. तिने तो आधी कपाळाला लावला, झाकण ठोकून खाचेबाहेर काढले, कडा हलकेच तासल्या, खाचेत मेण चोळले आणि ते परत बसवून एका बोटाने लोटले. ते अलगद सरकत गेले.

"वा, मिस्त्री!" खुशालराव उद्गारले.

"मले नाई," गयासुद्दीन ताठ मानेने म्हणाले, "आता मिस्त्री तिले म्हना."