लॉरीची शुद्धी

मी लॉरीच्या पेटीत शिरलो आणि केरूला बाहेरून दार लावायला सांगितलं. आत मिट्ट काळोख. अशा काळोखात उजेड कुठून टाचणीएवढा आत येतोय ते शोधायचं, म्हणजे पाणी कुठून येणार ते कळतं. पत्र्याच्या कोपऱ्यात एक भोक सापडलं. तिथे बोट ठेवून डांबर मागितलं.

"आत निजलास काय रे धाकू?" केरू बाहेरून म्हणाला. "निजला असशील तर दार तसंच ठेवतो. बहीण तरी सुखी व्हईल माझी."

केरू माझा मेहुणा आणि लॉरीवरचा जोडीदार. लॉरी माझी. मुंबईहून जुनी आणली, चिपळूणच्या सुताराकडून सागवानी पेटी बांधून घेतली, सांधे होडीसारखे काथ्या-डांबराने ठासले. बाकीच्या लॉऱ्या ताडपत्री टाकून धावायच्या. चारी बाजूंनी बंद पेटी माझी एकट्याची. म्हणून तर पेठेतल्या शेठने निरोप धाडला होता, आजची साखर देवरूखला नीट पोचव, मग पावसापर्यंतची सगळी साखर तुझ्याच लॉरीत. नाहीतर मी आहे आणि बंदरावरची सुकट आहे.

सुकटीचा वास लाकडात मुरतो. माझ्या बायकोने, मथुरेने, नारळाच्या सोडणाच्या राखेने फळी न् फळी घासली, कढत पाण्याने धुतली. दोन दिवस दार उघडं टाकून उन्हं दिली. वर कडूलिंबाचा धूर. आता फळीला नाक लावलं तरी लाकडाखेरीज कसला वास नव्हता. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दहा वेळा आत जात होतो, दहा वेळा बाहेर येत होतो.

"अवो, नाक झिजंल आता," मथुरा म्हणाली.

तेवढ्यात शेठचे दिवाणजी आले, बाबूराव. पेटीत डोकावले, हुंगलं.

"वास नाही," ते जरा हिरमुसून म्हणाले. "यात आधी काय होतं?"

खोटं बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. "सुकट," मी म्हणालो.

दिवाणजी दोन पावलं मागे सरले. ज्या नाकाला आत्तापर्यंत काही लागलं नव्हतं त्या नाकावर उपरणं गेलं. "मग शेणाने सारवून घे. गोमूत्र शिंपड. मग भरू."

"दिवाणजी, साखर ओल धरते. सारवलेलं वाळायला दिवस जाईल."

"दिवस नाही माझ्याकडे. देवरूखला वाट बघतायत."

"मग खालची पोती भिजतील."

"भिजली तर बघू. बाटली तर काय करू?"

केरूने मला बाजूला ओढलं. "सारव ना. साखर त्यांची, शेण त्यांच्या गाईचं. तुझं काय जातंय?"

माझंच जाणार होतं. साखरेचे गोळे झाले की बोट शेणाकडे कोण दाखवणार? माझ्याकडेच दाखवणार. पण नाही म्हटलं तर भरणंच बंद. मथुरेने दात आवळून सारवलं. ओल्या फळ्यांवर पोती चढली. दिवाणजींनी चिठ्ठी दिली, गाडी शुद्ध करून भरली आहे.

रस्ताभर मला पाठीमागची पेटी मोदकपात्रासारखी वाफाळताना दिसत होती. निवळीच्या घाटमाथ्यावर मी लॉरी थांबवली.

"आता काय?"

"उतरव सगळी."

"येडा झालास?" म्हणत केरूने पहिलं पोतं पाठीवर घेतलंसुद्धा. पोती तापल्या कातळावर उलटी टाकली. कोयतीने शेण खरवडलं, पेंढ्याने पुसलं, दार उन्हाकडे करून लॉरी उभी केली. दोन तास गेले. हात लावला, फळ्या कोरड्या. मग पुन्हा सगळं चढवलं.

देवरूखला दुकानदार अप्पांनी तळाच्या पोत्यात नळी खुपसली. दाणा न् दाणा सुटा पडला.

"या वाटेने अशी कोरडी साखर पहिल्यांदा आली," ते म्हणाले. मग चिठ्ठी वाचून पेटीत पाहिलं. "सारवलेली दिसत नाही."

"सारवली होती. घाटात खरवडली. म्हणून साखर कोरडी आहे."

"पण सारवावी का लागली?"

"आधी सुकट नेली होती."

अप्पांनी नळी खाली ठेवली. मग आतून गोमूत्राचा तांब्या मागवला आणि तुळशीच्या डहाळीने प्रत्येक पोत्यावर शिंपडत सुटले. गोणपाटावर ओले डाग पडत गेले. केरूला हसू आवरेना.

"शेठला लिहितो," अप्पा म्हणाले. "पुढची साखर ताडपत्रीच्या लॉरीतून पाठवा म्हणून. तू भरवशाचा नाहीस."

"अप्पा, तो ताडपत्रीवाला परवा माझ्या शेजारी उभा राहून सुकटच भरत होता."

"त्याने मला तसं सांगितलेलं नाही ना," अप्पा म्हणाले आणि तांब्या आत पाठवला.

परतीच्या वाटेवर केरू म्हणाला, "फुडच्या खेपेला मी बोलतो. तू गप ऱ्हा."

"पुढची खेप आहे कुठे?" मी म्हणालो, आणि लॉरी बंदराच्या रस्त्याला घातली.