काखेतला चट्टा

राणीसावरगावच्या पंडितला भुताची भीती नव्हती, साहेबाची थोडी होती. पण लग्नाच्या हळदीची इतकी भीती कुणाला वाटल्याचं गावाने ऐकलं नव्हतं. मांडवात पाट मांडलेला, बायका वाटी घेऊन बसलेल्या, आणि नवरदेव न्हाणीत आतून कडी लावून काख वर करून उभा.

दोन्ही काखांत लालभडक चट्टे. मधली कातडी सोललेली, कडेला पापुद्रे. उजवीकडचा चट्टा रात्रीतून सरकून दंडाकडे आला होता.

चट्टा म्हटलं की त्या सालांत एकच रोग आठवायचा. महारोग तपासणीची माणसं गावोगाव फिरत, अंगावरचे कपडे काढायला लावत. मागच्या वर्षी लिंबाजीच्या पाठीवर तसा डाग निघाला, तर त्याच्या विहिरीवर बायका जाईनात, आणि त्याची ठरलेली सोयरीक मुलीकडच्यांनी निरोप न देताच मोडली. आता पंडितच्या नशिबाची गंमत अशी, की मानवतच्या नवरीचे, सत्यशीलाचे मामा, बन्सीधर, त्याच तपासणीच्या खात्यात होते. वऱ्हाड न्यायला ते आदल्या दिवशीच येऊन बसले होते. माणूस रामराम घालायचा आपल्याला, नजर मात्र आपल्या कानाच्या पाळीवर, भुवईवर, कोपरावर फिरवायचा. हिशेबनीस बेरजेवरून बोट फिरवतो तशी.

"पंडित, नवरी आत हाय का रे?" धुरपता मावशीने कडी वाजवली. "निघ बाहेर. हळद वाळायलीय."

पंडित निघाला, पण बनियन घालून. पाटावर बसला तो दोन्ही हात अंगापासून लांब धरून, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

"बनियन काढ की."

"राहू दे मावशी. गार वाटायलंय."

वैशाखाचं ऊन मांडवाच्या पाल्यातून चटके देत होतं. बायका खदाखदा हसल्या. "बघायला गेला तवा सदरा पिळून वाळत घालावा लागला होता म्हने," कस्तुराबाई म्हणाली, "अन् आज याला थंडी वाजायलीय." ते खरं होतं. सत्यशीलाच्या ओसरीवर पंडितचा सदरा काखेपासून कमरेपर्यंत भिजला, आणि आतल्या बायकांचं कुजबुजणं त्याला बाहेर ऐकू आलं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं, लग्नात एक थेंब दिसू द्यायचा नाही.

मावशीने बनियनला हात घातला. पंडितने दोन्ही दंड असे आवळले की डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बन्सीधरमामा उठले.

"जावईबापू, जरा गोठ्याकडं चला. दोन शब्द बोलायचेत."

हसणं थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सोयरीक मोडताना माणसं अशीच बाजूला नेतात, हे पंडितला ठाऊक होतं.

गोठ्यात मामा म्हणाले, "हात वर करा."

त्याने केले. मामा वाकून बघत राहिले. पंडितला सत्यशीला दिसली नाही, लिंबाजीची ओस विहीर दिसली.

"डोळे मिटा. लागलं की सांगा." मामांनी कानातला अत्तराचा फाया काढला आणि कोरड्या टोकाने चट्ट्याला शिवलं.

"लागलं."

"हितं?"

"लागलं. मामा, लय आग होतीय."

"कवापासून?"

"चार-पाच दिस झाले. मामा, पाया पडतो, तिला कळवू नका. मीच नको म्हनतो लग्नाला. दोष माझ्यावर घाला."

"गप बसा. आमचा रोग आग होऊ देत न्हाई, बधिर करतो. अन् काखेच्या उबेत तो सहसा बसतबी न्हाई." मामांनी काखेशी नाक नेलं. "काय चोपडता हितं?"

पंडितने चोरी सापडलेल्या माणसासारखी मान खाली घातली. पूर्णेच्या स्टेशनावरच्या गार्डने मुंबईहून घाम बंद करायची बाटली आणून दिली होती. मुंजाजी न्हाव्याने हजामतीबरोबर काखाही वस्तऱ्याने साफ केल्या, नेहमीसारखी तुरटी फिरवली. त्यावर पंडितने ती बाटली ओतली. चुणचुणलं. चुणचुणतंय म्हणजे औषध लागू पडतंय, म्हणून सकाळ-संध्याकाळ, ओल्या अंगावर आणखी.

"त्या बाटलीत तुरटीचीच सख्खी बहीण असती," मामा म्हणाले. "घामाची भोकं बुजवती. घामात कालवली की आंबट होती, अन् कातडीला चावती. तुमी आधी वस्तऱ्यानं कातडीची साल काढली, अन् मंग दोघी बहिणींना जेवायला बसवलं. बंद करा. साध्या पाण्यानं धुवा, खोबरेल लावा."

"मंग लग्न?"

"लग्न काय काखेत लावायचंय?"

पंडितला हसू आलं नाही. मांडवात आता कुणी बोलत नव्हतं, आणि ती शांतता त्याला इथवर ऐकू येत होती. मामा महारोगवाले, आणि नवरदेवाला त्यांनी गोठ्यात नेलं. संध्याकाळपर्यंत एवढंच मानवतला पोचलं असतं.

मामांनाही ते कळलं असावं. त्यांनी पंडितच्या अंगातला बनियन स्वतःच काढला, खांद्यावर टाकला आणि त्याला उघडाच मांडवात आणला. सगळ्यांसमोर त्याचा उजवा हात धरून वर केला. पंडितने डोळे घट्ट मिटले.

"वस्तरा लागलाय," मामा खड्या आवाजात म्हणाले. मग बोटाने हळद घेतली, पहिली आपल्या गालाला लावली आणि त्याच बोटाने पंडितच्या चट्ट्याच्या अगदी कडेला ओढली.

पंडित कळवळला.

"बघा, लागतंय त्याला, बधिर न्हाई. मावशी," मामा म्हणाले, "या आता."

धुरपता मावशी क्षणभर वाटी धरून उभीच राहिली. मग पुढे आली.