दोन कपाटांच्या मधला मी

मी ‘आर्थिक समाजशास्त्र’ हा ग्रंथ बोलतोय. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीच्या कट्ट्यावर माझा मुक्काम. कीव करू नका, फक्त ऐका.

मी आलो तेव्हा ग्रंथपाल रुपचंदनानांनी मला अर्थशास्त्राच्या कपाटात लावलं. तिथले सर म्हणाले, “यात आलेख किती? दोन! हे आमचं नाही.” समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, “बाजारभावाशी आमचा काय संबंध?” मग नानांनी मला कट्ट्यावर टाकलं आणि माझ्यावर जेवणाचा डबा ठेवू लागले. लोणच्याच्या तेलाचा गोल अजून अंगावर आहे.

माझ्या पोटातल्या विद्येचंही असंच झालं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही हट्टी अभ्यासकांनी विचारलं, बाजारात माणूस फक्त भाव बघतो का? नातं, मान, विश्वास घरी ठेवून येतो का? पुढे दोन्ही शास्त्रांनी तिला बराच काळ दाराबाहेर ठेवलं. चाळीसेक वर्षांपूर्वी ती पुन्हा ताठ उभी राहिली. मी मात्र आडवाच.

यंदा रद्दीची यादी निघाली. शनिवारपर्यंत कुठल्या विभागानं ‘आमचं’ म्हणून सही केली नाही, तर मी बाद.

बुधवारी बारावीतली जीनत मला घरी घेऊन गेली. तिचे अब्बा युसूफभाई बैलबाजारात दलाल. गुरुवारी तिच्या पिशवीतून मीही बाजार पाहिला. रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरत होता.

“अब्बा, बोलून का नाही ठरवत?”

“बेटा, मोठ्यानं बोललो तर ज्याला कमी मिळालं त्याची मान खाली जाते.”

इतक्यात बैल विकायला आलेल्या भिकुबाईंनी रुमालातून हात काढला. समोरचा सगळ्यांत जास्त भाव देत होता.

“तू बैलेसले मारस. माले बठ्ठं मालूम शे. मी तुले देसू नही!”

आणि बैलांना मारणाऱ्याला नाकारून त्यांनी कमी भावात दुसऱ्याला बैल दिला.

शनिवारी मला ग्रंथालयात परत आणून जीनतनं हे सर आणि मॅडमना हळू आवाजात सांगितलं. सर हसले. “चुकलंच तिचं.”

“चुकलं कसं?” मॅडम म्हणाल्या. “बैलाचं पुढचं घर बघितलं तिनं.”

“ते आलेखात कुठं मांडू?”

“पान चौऱ्याण्णव बघा ना, सर, तिथं हेच आहे,” जीनत पुटपुटली.

दोघं माझ्यावर वाकले. रद्दीवाला दारात आला, तरी भांडण चालूच. सही कोणीच केली नव्हती. नानांनी यादीतलं माझं नाव खोडलं. “दोघं वाचताहेत. देऊ कसं?”

आता दोघंही मला आपल्या कपाटात बोलावतात. मी जाणार नाही. मला अर्धा कापून कुठंच बसायचं नाही. जमलं तर नवं कपाट करा. आणि नाना, तोवर तुमचा डबा दुसरीकडे ठेवा.