शाळेच्या पडद्यामागचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना, मांजरपाटाचा पडदा आहे. औरादजवळच्या एका गावातल्या शाळेसाठी भागाबाईंनी मला शिवलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची मुलगी पंचशीला, म्हणजे शाळेतल्या बाई, मला पटांगणात बांधून पिक्चर दाखवायच्या. माझ्यावर काय चाललंय ते मला दिसत नसे. ऐकू मात्र यायचं, आणि समोरची तोंडं दिसायची. लोक कशाला हसले, कशाने गप्प झाले, याचं मला फार कुतूहल.

तीन वर्षांपूर्वी गावातला रत्नपाल रजेवर आला. तो सैन्यात होता. मला बांधायला तो रोज हजर असे. दोघांच्या मनात काय आहे, हे भागाबाईंनाही कळलं होतं. पण जावई दूर राहणार आणि लेकीची नोकरी सुटणार, या भीतीनं त्या विषयच काढू देत नव्हत्या.

त्या संध्याकाळी पिक्चर होता सुट्टीवर आलेल्या एका सैनिकाचा. रजा रद्द होते आणि तो आपल्या आवडत्या मुलीला न सांगताच निघून जातो. सगळे हळहळले. रत्नपाल तेवढा खाली मान घालून बसला. मला नवल वाटलं. तेवढ्यात लाईट गेली. वायर बघायला पंचशीला माझ्या मागं आली. पाठोपाठ तोही आला.

"तुम्ही पण तसंच न सांगता जायलात व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय, उद्याच. रजा रद्द झाली म्हणून सकाळीच फोन आला. सांगायला धीर झाला न्हाई."

"मी शाळा सोडायची न्हाई."

"सोडा म्हणून मी कधी म्हणालो? मी येत जाईन की."

ती मग बाहेर आली आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "आई, उद्या सकाळी ह्यांना च्याला बोलावलंय. त्यांच्या आईलाबी."

भागाबाई उठून घरी गेल्या. रागावल्या असतील, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मुलं सांगत होती, की चहा झाला, बोलणं झालं, आणि कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन भागाबाई स्वतः स्टँडवर गेल्या. पुढच्या मे महिन्यात विहारात लग्न लागलं. बाई आजही इथंच शिकवतात.

पुढे शाळेत मोठा टीव्ही आला. कुणीतरी मला ओलाच घडी करून कपाटात कोंबलं. माझ्यावर बुरशीचे डाग पडले, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. यंदा बाईंनी मला धुतलं, ठिगळ लावलं.

मित्रांनो, कापड उन्हात वाळवून मगच घडी घाला. आणि घरचं माणूस दूर निघालं असेल, तर मनातलं आदल्या दिवशीच सांगा आणि त्याला स्टँडपर्यंत सोडायला जा.