खाच मारलेल्या नोटा

मोडलेल्या सरकारांच्या नोटा विकत घ्यायला एक माणूस पुण्याहून चुडाव्याला आला. सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. स्टेशनासमोर माझं चहाचं हॉटेल, त्यामुळे गाडीतून उतरलेला माणूस आधी माझ्याच बाकावर टेकतो. याचं नाव आबासाहेब. धोतर पांढरंशुभ्र, काखेत जाडजूड आल्बम.

त्यानं तो उघडून दाखवला. रशियातल्या नोटा, चीनमधल्या नोटा, कुठल्या कुठल्या. "एका देशातली माणसं आपसात लढतात," तो म्हणाला, "कुणीतरी चार जिल्हे धरून बसतो, सरकार म्हणवतो, नोटा छापतो आणि वर्षाच्या आत नाहीसा होतो. मी फक्त अशांच्याच नोटा जमवतो."

"मग आमचं बी एक होतं की तसलं सरकार," मी म्हणालो.

त्याचसाठी तर तो आला होता. निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांचा धुमाकूळ चालला होता, तेव्हा नदीपलीकडच्या काही गावांनी आपलं मुक्त सरकार जाहीर केलं. कँपातल्या लढणाऱ्या पोरांना धान्य लागे, मेंढरं लागत. लोक देत आणि बदल्यात छापील नोटा घेत. स्वराज्य आलं की त्यांचे कलदार, म्हणजे भारत सरकारचे खरे रुपये होतील, असं सांगितलेलं. त्या सरकारचे खजिनदार आमच्या गावचे व्यंकटराव. भारताची फौज आली, निजाम गेला आणि आमचं हे चिमुकलं सरकारही त्याच धुरळ्यात गेलं. मी माझ्या नोटा चहापत्तीच्या डब्याला आतून चिकटवल्या. पत्ती दमट होत नाही, एवढा त्या सरकारचा मला फायदा.

रायभान धनगराला मात्र ते सरकार लय महाग पडलं. त्यानं अख्खा कळप कँपाला दिला. नेमका त्याच सुमारास रझाकारांचा ट्रक गावात येऊन गेला होता. सकाळी मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा दिसला आणि गावानं ठरवून टाकलं की रायभाननं मेंढरं रझाकारांना विकली. तो शपथा घेऊन सांगे, "मला नोटा भेटल्या व्हत्या. व्यंकटराव मालकानं कलदार करून देतो म्हणून माघारी नेल्या." व्यंकटरावांना विचारलं तर ते खालमानेनं म्हणाले, "मला तर आठवत न्हाई बुवा." त्यानं विकली, असं ते कधीच म्हणाले नाहीत. हुशार माणूस. नुसतं आठवलं नाही आणि रायभान झुरून मेला.

जातपंचांनी घर वाळीत टाकलं. त्याची बायको भिवराबाई दोन शेळ्या पाळून माझ्या हॉटेलला दूध घाली. मुलीची, मनकर्णाची, सोयरीक जुळायची आणि 'रझाकाराची पोर' म्हणत मोडायची. पंचांचं म्हणणं एकच, कँपानं रायभानला दिलेली एक तरी नोट दाखव.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब व्यंकटरावांच्या घरून आला तो उड्या मारतच. गठ्ठाच मिळाला होता. बाकावर नोटा पसरून तो निवडायला बसला. "काय कोऱ्या आहेत पाहा! ह्या मात्र वाया गेल्या. कुणा गाढवानं प्रत्येकीचा उजवा कोपरा कापलाय."

भिवराबाई दुधाची चरवी घेऊन उभी होती. ती जवळ आली, वाकली आणि चरवी तिच्या हातातून निसटली. दूध मातीत गेलं. मी ओरडणार, तेवढ्यात तिचं तोंड पाहिलं.

"बन्सीदादा, ही आमची खूण हाय."

धनगर आपल्या मेंढराच्या कानाला खाच मारतात, ज्याची त्याची निराळी. चार कळप एकत्र मिसळले तरी मग भांडण होत नाही. रायभानची खाच उजव्या कानाला, खालून, तिरपी. हातात आलेली वस्तू आपली करायची म्हणजे तिला खाच मारायची, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक. त्यानं कात्री घेऊन सरकारच्या नोटांचे कान कापले होते.

"तवा मी लय हासले व्हते त्येला," ती म्हणाली. "म्हनलं, येडे झाले का, ह्या काय चरायला जायल्यात?" आणि मग ती तिथंच खाली बसून रडली. मी तिला नवरा मेला तेव्हाही इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

आबासाहेबाला फारसं कळलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. "कापलेली नोट माझ्या काही कामाची नाही. घ्या तुम्ही," म्हणाला. पंचांपुढे येऊन चार शब्द बोला म्हटलं तर त्यानं मान हलवली. "विकणाऱ्याचं नाव सांगत नाही मी. धंद्याचा नियम आहे." संध्याकाळच्या गाडीनं तो पूर्णेकडे गेला. नियम सोबत नेला.

पंच बिरोबाच्या देवळापुढे बसले. मीही गेलो. पंचांतल्या म्हाताऱ्या येडबानं नोट उजेडाला धरली आणि खाचेवरून अंगठा फिरवला. "रायभानचीच खाच हाय," तो शेवटी म्हणाला. "आमच्या हातून पाप झालं."

बाईनं पदर तोंडाला लावला. मला राहवलं नाही. "मग ह्या नोटा इतकी वर्षं कुणाच्या पेटीत व्हत्या, ते बी इचारा की!"

व्यंकटराव आता सोसायटीचे चेअरमन होते, बियाणं त्यांच्या सहीनं मिळे.

"बन्सी," येडबा म्हणाला, "हा जातीचा कारभार हाय. तू तुजा चहा बघ."

घर जातीत परत घेतलं. पण परत घ्यायचं म्हणजे भावकीला मटणाचं जेवण घालावं लागतं, तो रिवाज. निर्दोष ठरलं तरी सूट नाही. भिवराबाईकडे दोन दुभत्या शेळ्या, त्या कापल्या तर खायचं काय? तिकडे मनकर्णासाठी पिंगळीचं स्थळ आलं होतं, मुलाकडचे म्हणत होते, भावकीचं जेवण झालं की सुपारी फोडू.

मग व्यंकटरावांनी बोकड पाठवला. स्वतःहून, कुणी न मागता. गाव म्हणालं, केवढं मोठं मन! त्यांनाच पहिल्या पाटावर बसवलं आणि येडबानं सांगितलं, पहिलं वाढप भिवराच्या हातचं, पाहुण्यापासून.

ती पातेलं घेऊन आली. मी कुडाशी उभा होतो आणि मनात म्हणत होतो, ओत बाई, ओत ते उकळतं पातेलं याच्या डोक्यावर. समोर पिंगळीचे सोयरे बसले होते. दारामागे मनकर्णा नवं लुगडं नेसून उभी होती.

"रायभान लय चांगला मानूस व्हता," व्यंकटराव भाकरी मोडत म्हणाले. "आजबी आठवतो मला."

भिवराबाईनं त्यांच्या ताटात रस्सा वाढला.

"आनिक वाढू का, मालक?" तिनं विचारलं.

त्यांनी ताट पुढे सरकवलं.